मदत हवी आहे : पट्टकृमीचे शरीर खंडीभूत म्हणावे का?

अपृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीररचनेवर टिपण तयार करताना गांडूळ आणि पट्टकृमी (आतड्यात राहणारा फितीसारखा परजीवी कृमी) यांच्या तुलनेपाशी अडलो आहे. गांडुळाचे शरीर खंडीभूत, म्हणजे एकामागून एक सारख्या खंडांचे बनलेले, याविषयी शंका नाही : आतील पडद्यांनी देहगुहेचे (शरीरातील पोकळीचे) कप्पे पडतात, बहुतेक खंडांवर दृढरोम (राठ, केसांसारखे काटे) असतात आणि चेतारज्जूची (मुख्य मज्जादोरीची) गाठही खंडागणिक आढळते. पट्टकृमीला मात्र देहगुहा नाही, पचनमार्ग तर मुळीच नाही. त्याच्या प्रत्येक तुकड्यात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असतात, नवे तुकडे डोक्यालगतच्या मानेपाशी तयार होतात आणि अंड्यांनी भरलेले शेवटचे तुकडे गळून पडतात. वलयी प्राण्यांत (गांडूळ, जळू यांच्या गटात) नवे खंड साधारणतः मागच्या टोकाजवळ वाढतात, म्हणजे दिशाच उलट.

त्यामुळे पट्टकृमीची रचना ही जननेंद्रियांची पुनरावृत्ती मानावी, खरे खंडीभवन नव्हे, असे माझे मत होत आहे. परंतु चेतारज्जू व उत्सर्जन नलिका सर्व तुकड्यांतून सलग जातात, त्याचा अर्थ कसा लावावा? केवळ बाह्य वलयांवर विसंबता येत नाही, कारण जळवेच्या अंगावरील वलये तिच्या आतील खंडांपेक्षा कितीतरी जास्त असतात. तेव्हा निर्णायक निकष कोणता धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.