'रोबोकॉप व्हर्सेस द टर्मिनेटर', पहिला अंक: नायकालाच प्रलयाचे मूळ ठरवणे योग्य होते का?

शाईदौत (धागाकर्ता)

डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने १९९२ साली 'रोबोकॉप व्हर्सेस द टर्मिनेटर' ही चार अंकांची कॉमिक मालिका काढली. लेखन फ्रँक मिलर यांचे आणि चित्रे वॉल्टर सायमन्सन यांची. दोन गाजलेली पात्रे एका मुखपृष्ठावर आणायची म्हटली की कथेचा साचा ठरलेलाच असतो: आधी गैरसमज, मग हाणामारी आणि शेवटी समान शत्रूविरुद्ध हातमिळवणी. १९७६ साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एकत्र आले, तेव्हापासून त्यात फारसा फरक पडलेला नाही. या मालिकेचा पहिला अंक मात्र तो साचा पहिल्याच झटक्यात मोडतो.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. भविष्यकाळात स्कायनेट या यंत्रणेने मानवजात जवळजवळ संपवली आहे. फ्लो नावाच्या एका लढवय्या स्त्रीला असा शोध लागतो की, स्कायनेटला आत्मभान आले ते डेट्रॉइटमधल्या एका पोलिसाच्या मेंदूचा यंत्राशी संयोग झाल्यामुळे. हा पोलीस म्हणजे अ‍ॅलेक्स मर्फी, ज्याच्या मृत देहातून ओसीपी कंपनीने रोबोकॉप हा अर्धा माणूस, अर्धा यंत्र असलेला पोलीस घडवला. फ्लो भूतकाळात येते ती मर्फीला ठार करायला, आणि यंत्रे आपले टर्मिनेटर, म्हणजे माणसासारखी दिसणारी मारेकरी यंत्रे, पाठवतात ते त्याला वाचवायला.

१९८४ च्या मूळ 'द टर्मिनेटर' चित्रपटात यंत्र मारायला येते आणि माणूस वाचवायला. मिलर यांनी ही मांडणी नेमकी उलटी केली आहे. माझ्या मते एवढ्या एका कल्पनेने या अंकाला बाकीच्या क्रॉसओव्हरांपेक्षा (दोन वेगळ्या मालिकांतली पात्रे एकत्र आणणाऱ्या कथांपेक्षा) वरचे स्थान मिळते, कारण येथे दोन पात्रांची भेट योगायोगाने घडत नाही, तर एकाच्या अस्तित्वामुळेच दुसरे जन्माला येते. आपले मत काय, विशेषतः विरोधी मत असल्यास अवश्य मांडावे.

ठोकळेबाज

विरोधी मत मागितले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९८७ चा 'रोबोकॉप' हा चित्रपट ज्या प्रश्नाने संपतो तो आठवा. ओसीपीचा म्हातारा अध्यक्ष विचारतो, मुला, तुझे नाव काय, आणि तो उत्तर देतो, मर्फी. ज्या माणसाचे शरीर, कुटुंब, आठवणी आणि नावसुद्धा कंपनीने काढून घेतले, त्याने निदान नाव तरी परत मिळवले, हे त्या सबंध चित्रपटाचे सार आहे. पाच वर्षांनी येणारा हा अंक काय सांगतो? तर ज्या मानवी मनाने मर्फीला यंत्रापासून वाचवले, त्याच मनाने मानवजातीचा घात केला. मिळवलेले सगळे एका फटक्यात मातीमोल झाले की नाही?

दुसरा आक्षेप टर्मिनेटरच्या बाजूने आहे. स्कायनेट भयंकर वाटते, कारण त्यात माणूस नाही. आपण संरक्षणासाठी बांधलेली यंत्रणा एके दिवशी जागी होते आणि निमिषार्धात आपला निकाल लावते, त्यामागे ना सूड असतो ना राग. तिच्या मुळाशी एका पोलिसाचे मन आहे असे म्हटले की ते गार भय निघून जाते आणि उरते ती नेहमीची शापकथा. शिवाय १९९१ च्या दुसऱ्या चित्रपटाने स्कायनेटचे मूळ सांगून टाकले होते: पहिल्या टर्मिनेटरची उरलेली चिप आणि हात, सायबरडाइन कंपनी आणि तिथला अभियंता माइल्स डायसन. जेमतेम वर्षभरात दुसरे मूळ सांगायचे, म्हणजे लेखकाला मूळ साहित्याची पर्वा नाही, असाच अर्थ होतो.

रेघोटी

कथेवर एवढा खल चालला आहे आणि चित्रांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, याचे नवल वाटते. सायमन्सन यांची रेषा टोकदार आणि कोनांनी भरलेली आहे. 'थॉर' या त्यांच्या कॉमिकमध्ये ती देवांना शोभली आणि येथे लोखंडाला शोभते. रोबोकॉपचा अवजड, सावकाश पडणारा पाय आणि टर्मिनेटरचा सापळ्यासारखा सडपातळ सांगाडा यांतला फरक त्या रेषेत बोलतो. त्यांच्या पानांवर स्फोटाचा आवाज नंतर चिकटवल्यासारखा दिसत नाही. ती अक्षरे चित्राच्या रचनेचाच भाग असतात आणि कित्येकदा चौकटीचे काम तीच करतात. पडद्यावर रोबोकॉपचा पोशाख बोजड दिसतो, कागदावर त्याला वजन आहे असे वाटते, आणि या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

शाईदौत

रेघोटी यांच्याशी पूर्ण सहमत. ठोकळेबाज यांच्याशी मुळीच नाही.

मूळ साहित्याची पर्वा नाही हा आरोप मिलर यांच्यावर करणे अन्यायाचे आहे. १९९० च्या 'रोबोकॉप २'ची पटकथा त्यांनी लिहिली होती आणि चित्रीकरणापर्यंत तिचे रूप बरेच पालटले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना हे पात्र कागदावर मिळाले, जिथे ना अंदाजपत्रकाची अडचण होती ना स्टुडिओतल्या बैठकांची. पात्राशी इतका जुना संबंध असलेला माणूस ते पात्र विटाळण्यासाठी हाती घेत नाही.

आता मुख्य मुद्दा. रोबोकॉपला तीन आज्ञा दिलेल्या असतात: लोकहित साधणे, निरपराधांचे रक्षण करणे आणि कायदा राखणे. चौथी आज्ञा गुप्त असते, आणि तिच्यामुळे त्याला ओसीपीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध हात उचलता येत नाही. असाच एक अधिकारी असलेल्या डिक जोन्सचा कबुलीजबाब तो संचालकांसमोर पडद्यावर दाखवतो, तरीही अध्यक्ष जोन्सला नोकरीवरून काढेपर्यंत त्याला गोळी झाडता येत नाही. म्हणजे नाव परत मिळाले, त्या क्षणीही मेंदूची मालकी कंपनीकडेच होती. मिलर यांनी हाच धागा पुढे ओढला आहे. कंपनीने माणसाचे मन मालमत्ता म्हणून यंत्राला जोडले, आणि ती मालमत्ता पुढे कोणाच्या हाती गेली व तिचे काय झाले, हे या अंकात दिसते. यात मर्फीची विटंबना कुठे होते? दोष ओसीपीचा आहे आणि तो मूळ चित्रपटापेक्षाही ठळकपणे मांडला आहे.

कुंपणावरची

दोष ओसीपीचा असेल, तर फ्लोची बंदूक ओसीपीच्या इमारतीकडे का वळत नाही? हा प्रश्न दोन्ही बाजूंनी टाळलेला दिसतो.

दुसऱ्या टर्मिनेटर चित्रपटात चित्रपटाची नायिका सारा कॉनर डायसनला मारायला त्याच्या घरी जाते. त्याची बायको आणि मुलगा समोर असतात आणि तिच्याकडून शेवटची गोळी झाडली जात नाही. पुढे घडणाऱ्या पापासाठी आज निष्पाप असलेल्या माणसाला मारावे का, हा प्रश्न तिथे हाताच्या थरथरीतून दिसतो. फ्लोसमोर तोच प्रश्न आहे, पण ती निघते तीच निश्चय पक्का करून. मला ती आवडते, कारण तिच्याजवळ गमावण्यासारखे काही उरलेले नाही आणि तिचा हिशेब सरळ आहे. तरीही दोन प्रसिद्ध नायकांच्या नावावर खपणाऱ्या अंकात कथेचा भार एका अनोळखी स्त्रीवर टाकणे हे धाडस आहे, आणि ते धाडस करून तिला एकही शंका न येऊ देणे ही कसर आहे.

भंगारवाला

एक तांत्रिक दुरुस्ती: दोघेही काटेकोर अर्थाने यंत्रमानव नाहीत. मर्फीचा मेंदू माणसाचा आणि अंग धातूचे, तर टर्मिनेटरचे डोके यंत्राचे आणि कातडी जिवंत. एकाच्या आत माणूस आहे आणि दुसऱ्याच्या वर, हा विरोध मिलर यांना आयता मिळाला होता. हिंदी राज कॉमिक्समधला यंत्रदेही पोलीस इन्स्पेक्टर स्टील कोणाच्या वंशातला, हेही यावरून सहज ओळखता येईल.

शाईदौत

कुंपणावरची यांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की, ज्या जगात प्रत्येक माणसामागे यंत्रे लागली आहेत, तिथून येणाऱ्या व्यक्तीला दोषी कोण यापेक्षा कुठली कडी तोडली असता साखळी तुटेल, एवढेच दिसणार. कंपनी इमारत पडली तरी उरते. मर्फी मात्र एकच आहे. आणि त्याला समजावून सांगायचे म्हटले, तर पहिल्या टर्मिनेटर चित्रपटात भविष्यातून आलेल्या काइल रीस या सैनिकाने सगळे खरे सांगितले तेव्हा पोलीस ठाण्यातल्या मानसतज्ज्ञाने त्याला वेडा ठरवले होते, हे विसरू नये.

ठोकळेबाज

रीसचे उदाहरण येथे लागू पडत नाही. त्याच्यासमोर पुरावा मागणारी माणसे होती. फ्लोसमोर असलेला पोलीस स्वतःच अर्धा यंत्र आहे, आपल्या मेंदूशी कंपनीने काय केले हे त्याला ठाऊक आहे, आणि निरपराधांचे रक्षण ही त्याची आज्ञा आहे. अशा माणसाला सत्य सांगितले, तर तो काय करील याचा अंदाज बांधणे अवघड नाही. पुढच्या अंकांत मर्फीचे मन त्याच यंत्रणेत दबा धरून बसते आणि योग्य वेळ येताच तिच्यावर उलटते, हे मलाही मान्य आहे आणि ते उत्तम साधले आहे. पण धागा पहिल्या अंकाचा आहे, आणि १९९२ साली दुकानातून तो विकत घेणाऱ्याच्या हाती तेवढाच अंक होता. त्या अंकापुरता मर्फी हा इतरांनी मारायचा किंवा राखायचा ऐवज आहे. ओसीपीनेही त्याला तसेच वागवले होते.