मदत हवी आहे : रुग्ण उचलून जडलेली कंबरदुखी आणि वॉर्डातली ड्यूटी

नमस्कार. मी एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका असून ११ वर्षांपैकी बहुतेक काळ मेडिसिन वॉर्डातच आहे. दीड वर्षापासून कंबर दुखते आणि हल्ली रात्रपाळी उतरून घरी आले की उजव्या पोटरीपर्यंत कळ जाते. अस्थिरोगतज्ज्ञांनी फिजिओथेरपी सुरू केली आहे आणि ‘वजन उचलू नये’ असे लिहून दिले आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला शय्याव्रण (एकाच जागी पडून राहून होणारी जखम) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. तिथे हा सल्ला पाळायचा कसा, ते चिठ्ठीत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात सर्वसाधारण रुग्णालयासाठी ५ रुग्णांमागे एक परिचारिका धरली आहे; आमच्याकडे रात्री ४० खाटांना आम्ही दोघी. मामा (वॉर्डबॉय) एकच, आणि नेमक्या वेळी ते कुणाला तरी सीटी स्कॅनला घेऊन गेलेले असतात. खाटांची उंची बदलत नाही. रुग्ण पायथ्याकडे घसरला की दोघी दोन बाजूंना उभ्या राहून आडव्या चादरीच्या कडा मुठीत गुंडाळतो आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून वर ओढतो. गादी भिजू नये म्हणून खाली घातलेले रबरी कापड (मॅकिंटॉश) चादर धरून ठेवते, त्यामुळे सगळा झटका कमरेत बसतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या सूत्रानुसार आदर्श स्थितीतही २३ किलोंपेक्षा जास्त उचलू नये, आणि रुग्ण हाताळताना तर सुमारे १६ किलोंचीच मर्यादा तिथल्या तज्ज्ञाने २००७ मध्ये सुचवली. साठ किलोंचा रुग्ण दोघींत वाटला तरी हिशेब जुळत नाही.

औषधे कृपया सुचवू नयेत, ती चालू आहेत. मला विचारायचे आहे ते असे की, रुग्ण सरकवण्याची घसरती चादर (स्लाइड शीट) कुणी सरकारी खरेदीतून मिळवली आहे का आणि मागणीपत्र कसे लिहिले? कमरेचा पट्टा ड्यूटीभर बांधून खरोखर फरक पडतो का? माझ्या फिजिओथेरपिस्ट सतत बांधू नका म्हणतात, तर वॉर्डातल्या निम्म्या सिस्टर गणवेशाखाली तोच बांधून उभ्या असतात.

शिवाय, वैद्यकीय प्रमाणपत्रावर बाह्यरुग्ण विभागात तात्पुरती हलकी ड्यूटी कुणाला मिळाली असल्यास अर्ज थेट अधिसेविकांकडे (मेट्रन) केला की परिसेविकांमार्फत (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर), हेही कळवावे. अर्ज लिहून आठ दिवस पर्समध्येच आहे, कारण मी गेले आणि बदली कुणी आले नाही तर चादरीची दुसरी कड जिच्या हातात असते, तिचा खांदा आधीच दुखावलेला आहे.