सासूबाईंना दिवाळीत काय दिलं आणि पुढे त्याचं काय झालं?

रिंगरोडवाली

दसरा झाला, आता परत तोच प्रश्न, म्हणून धागा काढून राहिली. लग्नाला पाच वर्षं झाली म्हणजे पाच दिवाळ्या आणि पाच गिफ्ट: दोन साड्या, चांदीचा करंडा, बेडशीटचा सेट, पायाला मसाज करायची मशीन. आई म्हणजे सासूबाई नागपुरात महाल भागात राहतात, आम्ही मनीषनगरला. परवा त्यांनी आलमारीतून जुनी फाईल काढायला सांगितली तर बाप्पा, सगळं तिथंच, आपापल्या पिशवीत, एका साडीला तर किमतीची चिठ्ठीपण तशीच. वाईट काही बोलत नाहीत हो त्या, दरवेळी वस्तूवरून हात फिरवतात आणि म्हणतात "छान आहे गं, ठेवते." आणि खरंच ठेवतात.

तर नुसतं काय दिलं ते नका सांगू, ते गूगलवर पण आहे. पुढे त्या वस्तूचं काय झालं ते सांगा. फसलेले किस्से आधी. बजेट चार हजार, ओढूनताणून पाच.

सक्करदऱ्याचा जावई

ताई तुमचं तरी ठेवतात, आमचं तर परत येते. पहिल्या दिवाळीले मोठ्या हौसेनं एअर फ्रायर नेला परतवाड्याले. सासूबाईंनी घेतला, कुंकू लावलं, ओवाळलं, सगळं झालं. निघताना गाडीची डिक्की उघडली तर एअर फ्रायर आत, त्याच्यावर चकलीचा डब्बा आन् मले शर्ट-पॅन्टचा पीस. बायको म्हणे मी आधीच सांगितलं होतं. आमच्याकडं जुने लोक पोरीच्या घरचं घेत नाहीत, पाणी पिलं तरी नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवून जातात.

दोन वर्षं असंच चाललं. मंग पोरगा बोलायला लागला तसं त्याच्या हातात दिलं आन् पढवून ठेवलं, "आजी, हे माह्या गल्ल्यातलं." नातवाले कशी नाही म्हणते? दिलं काय, तर चार्जिंगचा मोठा टॉर्च, बाराशेचा. रात्री उठून गोठ्यात जातात त्या, मोबाईलच्या उजेडात. आता तो टॉर्च कोणी हात लावलेला चालत नाही. सासऱ्याले पण नाही.

रिंगरोडवाली

डिक्कीवाला किस्सा यांना वाचून दाखवला, हसून हसून बेजार 😄 पण भाऊ, आम्हाला अजून लेकरू नाही, गल्ला कोणाचा सांगू?

सांबारवडी

माझा छोटासाच. सासूबाईंना शुगर, म्हणून मिठाई नको, संत्रा बर्फी तर नकोच, मी आपली कळमना मार्केटमधून संत्र्यांची पेटीच नेली. त्या काटोलच्या, घरची बाग. एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "आंबिया आहे हा, अजून आंबट आहे, मृगाचा यायचा होता." आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात म्हणे आणि ती जास्त गोड. काटोलच्या बाईला नागपुरातून संत्री नेणारी मी एकटीच असेन. पेटी शेजारी वाटली.

भंडारारोड

मी सविस्तर लिहिते कारण माझे पैसे गेले आहेत.

सासूबाईंचं माहेर मोहाडी तालुक्यातलं, विणकराच्या घरात वाढलेल्या. मला वाटलं करवती साडीसारखं दुसरं काय आवडणार? एका दुकानातून घेतली, दुकानदार म्हणाला टसर आहे, हातमागाची आहे, अठ्ठावीसशेला लावतो. दिली पाडव्याला. त्यांनी घडी उघडली, काठ उलटा करून पाहिला, खिडकीपाशी जाऊन परत पाहिला आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून, "पोरी, ही छापलेली आहे."

मग जे शिकवलं ते तुम्हालाही सांगते. करवतीचा अंगचा भाग टसरचा आणि काठ सुती, दोन्ही काठांना आणि मधल्या अंगाला वेगवेगळा धोटा (आडवा धागा नेणारा) म्हणजे तीन धोटे चालतात, आणि जिथं काठ अंगाला भेटतो तिथं धागे एकमेकांत अडकवत नेतात, त्याचे ते करवतीसारखे दाते. म्हणून दाते सुलट्या बाजूनं जसे तसेच उलट्या बाजूनं. माझ्या साडीचे उलट्या बाजूला पुसट होते. दुसरं म्हणजे टसरचा धागा एकसारखा नसतो, कुठं जाड कुठं बारीक, आणि मूळ रंग मधासारखा. माझी साडी आरशासारखी गुळगुळीत. तिसरं त्यांनी करूनच दाखवलं, पदराच्या दशीतला एक धागा काडीनं जाळला. रेशीम जळालं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरते. माझ्या धाग्याचा टणक मणी झाला. प्लास्टिक, दुसरं काय!

मला रडूच आलं. त्या म्हणाल्या चल. भाऊबीज झाल्यावर दोघी गेलो आंधळगावला, त्यांच्या ओळखीच्या मागावर. वाटेत सांगत होत्या की लहानपणी ढिवर लोक कोसे म्हणजे टसरचे कोष आणायचे, ऐन-अर्जुनाच्या झाडावर अळ्या पाळून, ते उकळताना जो वास सुटतो तो अजून आठवतो. (वास चांगला नसतो, हे मी नंतर स्वतः घेऊन पाहिलं.) मागावरच साडी बुक केली, नऊ हजार, अर्धे मी, अर्धे नणंदेनं. करवतीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, रेशमावर सिल्क मार्क आणि हातमागाला हँडलूम मार्क असतो, दुकानात घ्यायची तर तेवढं तरी बघत जा.

पुढे काय झालं: साडी तीनदा नेसल्या, दर वेळी समोरच्या बाईला काठ उलटा करून दाखवतात. ती खोटी साडी पण आहे त्यांच्याकडं, तिच्यात त्या करवती गुंडाळून ठेवणार होत्या, मी म्हटलं आई नको, सुती कपड्यात ठेवा.

गप्प बस

एवढं कशाला? पाकिटात पाच हजार घाला. कोणाला काय लागते ते त्यांनाच माहीत.

चिकोल्या

@गप्प बस, हे मी केलं आहे. त्या पाकिटातून सासऱ्यांच्या स्कूटीचा इन्शुरन्स भरला गेला, पुढच्या वर्षीच्या पाकिटातून गॅसची शेगडी आली. बाईच्या हातात दिलेले पैसे घराचेच होतात हो. आता मी देते पण सोबत जाते, बर्डीच्या बाजारात, आणि संपवूनच आणते.

निळी छत्री

आमच्या सासरी दिवाळी नाही. मला ते लग्नाआधी माहीत होतं पण कळलं नव्हतं, पहिल्या वर्षी मी पणत्या आणि मिठाईचा डबा घेऊन उभी. सासूबाईंनी मिठाई घेतली, सगळ्यांना वाटली, पणत्या गच्चीच्या जिन्यात ठेवल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा सण म्हणजे विजयादशमी. त्यांची आई १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती आणि सासूबाई तेव्हा आईच्या पोटात, त्यामुळे "मी पण होती तिथं" असं त्या हक्कानं सांगतात.

पुढच्या वर्षी त्यांच्यासोबत गेले. एवढी गर्दी, लांबलांबून आलेली माणसं, आणि पुस्तकांचे स्टॉल पाहावे तिकडे. त्या एकेक पुस्तक उचलायच्या, हात पूर्ण लांब करून बघायच्या, परत ठेवायच्या. मला वाटलं किंमत बघतात. तिसऱ्या स्टॉलवर ट्यूब पेटली, दिसतच नाही त्यांना! घरी चष्मा आहे पण तो दहा वर्षांपूर्वीचा, एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

गिफ्ट काय तर डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आणि नवीन चष्मा. नंबर बराच बदललेला निघाला, मोतीबिंदूची सुरुवातपण. आणि पुस्तकं, मोठ्या टायपाची शोधून. आता दुपारी वाचतात आणि वंदना म्हणताना माझा उच्चार चुकला की चष्म्याच्या वरून बघतात.

कूलरची टाकी

लग्न नाही झालेलं, बॉयफ्रेंडची आई चालेल का? गेल्या दिवाळीत पहिल्यांदा घरी गेले, आमचं दोघांचं वेगवेगळं आहे, म्हणजे समजून घ्या. साडी नेली तर फारच होते, रिकाम्या हातानं बरं दिसत नाही, म्हणून नर्सरीतून गुलाबाची कुंडी. काकूंनी कुंडी फिरवून पाहिली आणि विचारलं, "कोणती जात आहे?"

मी गार. तोंडातून शब्द निघेना. तो पण चहाचा कप हातात धरून तसाच. मग काकू म्हणाल्या, "गावठी आहे का कलमी?" गुलाब हो, गुलाब!

गावठीच होती म्हणून वाचली. नागपूरचा मे महिना, पंचेचाळीस डिग्री, कलमं करपून जातात असं त्यांचं म्हणणं. उन्हाळाभर कूलरच्या मागच्या ओल्या जागेत ठेवली, वर हिरवी जाळी, आणि मला फोटो पाठवायच्या, "बघ पान आलं." आमचं काही अजून ठरलं नाही पण गुलाबामुळे काकूंशी बोलणं रोजचं आहे. त्याच्यापेक्षा जास्तच.

रिंगरोडवाली

"मी गार" 🙈 यांना ऑफिसात फोन करून सांगितलं.

वर्धेची धाकटी

विषय थोडा वेगळा होईल. सासरे गेले त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती, त्यामुळे गिफ्टचा प्रश्नच नव्हता. पण मामंजी गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली की आईंच्या नावाचा फोन नंबरच नाही. गॅस बुक केला की ओटीपी माझ्या दिरांना पुण्याला, बँकेचा मेसेज यांना, लाईट बिल मामंजींच्या बंद नंबरवर. आई बँकेत गेल्या की मुलाला फोन लावायला बँकेतल्याच माणसाचा मोबाईल मागायच्या. सत्तर वर्षांची बाई, शाळेत पोरं शिकवून रिटायर झालेली.

पुढच्या दिवाळीत सिम घेतलं, त्यांच्या स्वतःच्या आधारवर, आणि साधा स्मार्टफोन, अक्षरं मोठी करून. दिरांना वाटलं उगाच, कोणी फसवलं तर? रास्त आहे, म्हणून महिनाभर एकच शिकवलं, ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, आम्हालासुद्धा नाही. मग आधारला नंबर जोडला, बँकेत, गॅसला, एकेक करत डिसेंबर आला.

पहिला फोन लावला यवतमाळच्या बहिणीला. "मी बोलते. माझ्या फोनवरून." एवढंच दोनदा म्हणाल्या. मागच्या महिन्यात मला त्यांच्या घरच्या गॅससाठी ओटीपी पाहिजे होता, मी विचारला तर म्हणाल्या, "तूच तर सांगितलं होतं कोणाला सांगू नको." फोन ठेवून दिला.

टेलरची पोरगी

रिंगरोडवाली ताई, तुमच्या सासूबाईंच्या त्या दोन साड्यांना फॉल-पिको झालेलं आहे का? ब्लाउज शिवलेला आहे का?

विचारते कारण बाबांचं टेलरिंगचं दुकान आहे आणि मी लहानपणापासून हेच बघून राहिली. पन्नास-पंचावन्नच्या पुढच्या बायका साड्या आणतात, तीन तीन वर्षांच्या, ब्लाउजपीस कापलेलासुद्धा नसतो. विचारलं की म्हणतात सुनेनं दिली होती, राहून गेलं. साडी देणारा साडी देतो आणि पुढचं काम त्या बाईच्या गळ्यात, फॉल आणा, मॅचिंग अस्तर आणा, टेलरकडे दोन चकरा. आणि माप बदललेलं असते, ते सांगायची लाज वाटते. कित्येकींचा खांदा दुखतो, हात मागे जात नाही, तरी मागे हुकचा ब्लाउज घालतात कारण कोणी विचारलंच नाही. समोर हुक, बाही कोपरापर्यंत, अस्तर सुती, मुंढ्यात थोडं सैल. एवढं केलं की साडी नेसली जाते, माझं गॅरंटीनं सांगणं आहे. फक्त लवकर करा, दिवाळीच्या आधी सगळ्या टेलरकडे "ऑर्डर बंद" ची पाटी लागते.

रिंगरोडवाली

टेलरची पोरगी, तू कुठं होतीस पाच वर्षं!

सांगते काय झालं ते. रविवारी महालात गेले, आईंना म्हटलं आलमारी लावून देते. साड्या काढल्या. फॉल नाही, ब्लाउज नाही, दोन्हीला नाही. मी म्हटलं आई काहून नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "तू एवढी महाग आणली, आणि वर शिवायला पण तुलाच लावू का?" मग मापाचा ब्लाउज मागितला तर देईनात, जुना आहे, घट्ट होते, राहू दे. शेवटी मी म्हटलं माझापण दोन वर्षांत दोनदा उसवून घेतला आहे, तेव्हा कुठं हसल्या आणि दिला.

खांदा दुखतो. डावा. मला माहीतच नव्हतं, मुलालाही नव्हतं.

इतवारीत चार दुकानं फिरले, तीन जागी पाटी लागलेली, चौथ्यानं घेतलं पण म्हणे दिवाळीनंतरच मिळेल. म्हणजे यंदा लक्ष्मीपूजनाला जुनीच साडी, आणि नवीन नेसतील तुळशीच्या लग्नाला. दोन ब्लाउज, अस्तर, फॉल-पिको सगळं मिळून सतराशे पन्नास. नवीन गिफ्ट काहीच घेतलं नाही, उरलेल्या पैशाचं ठरलं नाही अजून.

रात्री आईंचा फोन. मला वाटलं मशीनबद्दल काहीतरी, ती पण काढून दिली होती ना पायाजवळ. तर म्हणाल्या, "फॉलचे किती घेतले गं त्यानं?" सांगितले. "जास्त घेतले. आमच्या गल्लीत एक बाई करते, पुढच्या वेळी तिच्याकडे टाकू."