मदत हवी आहे: एडिंबरा फ्रिंजच्या व्हेन्यू करारातला एक क्लॉज

ऑगस्टमध्ये फ्रिंजला (स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा कला महोत्सव) ५० मिनिटांचा सोलो स्टँडअप करायचाय, इंग्रजीत, आणि धर्म-राजकारणावरचं मटेरियल जरा चावरं आहे. व्हेन्यूच्या करारात लिहिलंय की शो "आक्षेपार्ह" वाटला तर कधीही बंद करू, पण आक्षेपार्ह कशाला म्हणायचं ते कुठेच नाही (सोयीस्करच!). फ्रिंज सोसायटी (महोत्सवाची संस्था) शो निवडत नाही, सगळं व्हेन्यूच्या हातात असतं हे माहितीये, २०२२ला प्लेझन्स या व्हेन्यूने कॉमेडियन जेरी सॅडोविट्झचा दुसरा प्रयोग मटेरियलवरच्या तक्रारींनंतर रद्द केला तेही वाचलंय. माझ्या व्हेन्यूला दोनदा मेल केला, "स्टँडर्ड क्लॉज आहे" एवढंच उत्तर. स्क्रिप्ट आधी देता येणार नाही, रोज बदलते. तिथे शो केलेल्या कुणी हा क्लॉज बदलून घेतलाय का, आणि मधेच बंद केला तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळतात का?