तापीतला बाप्तिस्मा चालत नाही म्हणे!

तापीकाठ (नंदुरबार) :
धाकट्या बहिणीचा बाप्तिस्मा आमच्या पाळकांनी प्रकाशाजवळ तापीत दिला, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने". लग्न होऊन ती नवापूरकडे गेली. तिथले पाळक म्हणतात तो चालत नाही, "येशूच्या नावाने" परत घे. माझ्या मते हा पहिल्या विश्वासाचा अपमान आहे. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तिघे, तरी देव एकच) मानणारे, न मानणारे, सगळे बोला. फक्त त्रैक्य म्हणजे पाणी-बर्फ-वाफ असला दाखला सांगू नका, संडे स्कूलपासून कान किटलेत.

मावचीपोर (नवापूर) :
दादा, मी नवापूरच्या पाळकांच्याच मताचा. प्रेषितांची कृत्ये 2:38 काढा, पेत्र "येशू ख्रिस्ताच्या नावाने" म्हणतो. 19व्या अध्यायात इफिसच्या बाराएक शिष्यांना योहानाचा बाप्तिस्मा झालेला असूनही पौलाने परत दिला. तो अपमान होता का? मत्तय 28:19 मध्येही "नावाने" आहे, "नावांनी" नाही. ते एक नाव येशू. देव एकच, तोच पिता, देहात आला तेव्हा पुत्र, आपल्यात राहतो तेव्हा आत्मा.

भुसावळजंक्शन :
हे मत सबेल्लियसच्या नावावर तिसऱ्या शतकापासून आहे भाऊ. अलीकडे 1913 साली कॅलिफोर्नियातल्या पेंटेकॉस्टल मेळाव्यात बाप्तिस्म्याच्या नावावरूनच ठिणगी पडली आणि 1916 मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेतून तुमच्या मताची मंडळी बाहेर पडली. मला एवढंच सांगा, यार्देन नदीत बाप्तिस्म्याच्या वेळी येशू पाण्यात, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, वरून वाणी "हा माझा पुत्र". एकटाच असेल तर कोण कोणाबद्दल बोलतंय?

मावचीपोर :
देव एका वेळी सगळीकडे असतो, त्यात काय अवघड? गेथशेमानेत प्रार्थना केली ती माणूस म्हणून. तुमचे तिघे ऐकून माझे सासरे विचारतात, तेहतीस कोटी सोडून तिघांवर आलात का?

केळीवाला (रावेर) :
मी ख्रिस्ती नाही, पण हे आपल्या दत्तासारखंच ना? तीन तोंडं, देव एक.

भुसावळजंक्शन :
आप्पा, सारंगखेड्याच्या यात्रेला घोडेच बघून येता वाटतं! तिथला दत्त एकमुखी आहे 😄 आणि उत्पत्ती-स्थिती-लय अशी कामाची वाटणी त्रैक्यात नाही. तिघांतही देवत्व पूर्णच.

सरळसांगतो (धुळे) :
दोघेही चुकताय. योहान 14:28, "पिता माझ्यापेक्षा थोर आहे". चौथ्या शतकातला पाळक एरियस पुत्राला पित्याने निर्माण केलेला मानत होता. 325 साली निकियाच्या धर्मसभेत सम्राटासमोर त्याला पाडलं. तिथल्या मतांगीकारातलं आत्म्याचं कलम तर 381 साली वाढवलं. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये दाखवा.

भुसावळजंक्शन :
शब्द नाही, मान्य. पण सम्राटाने ठरवलं म्हणता, तर पुढचे सम्राट एरियसवाल्यांच्या बाजूला गेले आणि त्याला विरोध करणाऱ्या बिशप अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, ते कसं? योहान 1:1 पण वाचा, "शब्द देव होता", शब्द म्हणजे पुत्रच.
भांडण आमच्यातही आहे. मी कॅथॉलिक. रेल्वेतला माझा जोडीदार कोट्टायमचा ऑर्थोडॉक्स. आत्मा "पित्यापासून निघतो" एवढंच तो म्हणतो, मी "आणि पुत्रापासून" जोडतो. पूर्व-पश्चिम फुटण्यामागे हे दोन शब्दही होते. तरी तो माझा बाप्तिस्मा खोटा ठरवत नाही. पाण्याने आणि तिघांच्या नावाने झाला असेल, तर प्रोटेस्टंट मंडळीतला बाप्तिस्माही आमच्याकडे परत देत नाहीत.

साक्रीनीमाय :
बठ्ठं बराबर शे भाऊ, पन पोरले कोनी इचारं का?

तापीकाठ :
माय, विचारलं. आत्ताच फोन झाला. ती म्हणे, 19वा अध्याय मीही वाचला. इफिसवाले पौलाला म्हणाले होते की पवित्र आत्मा आहे हे आम्ही ऐकलंसुद्धा नाही. मी तर आत्म्याचं नाव घेऊनच पाण्यात उतरले, मग मी त्यांच्यातली कशी? पाळकांनाही हेच विचारलंय तिने. रविवारी सांगतो म्हणालेत.