मध्ययुगीन पिक्चरमध्ये सगळे मळकट का असतात?

पडदा_प्रेमी: ओळीने तीन पिक्चर बघितले, सगळे युरोपातल्या मध्ययुगावरचे. राजा सोडला तर झाडून सगळे तपकिरी नाहीतर करडे, बायकांचे केस मोकळे आणि जो तो मनगटाला चामड्याचा पट्टा बांधून फिरतोय. खरंच असं होतं की कपडेपटवाले एकमेकांचं बघून छापतात?

सुईदोरा: छापतातच. १२४० च्या आसपासचं मॉर्गन बायबल, म्हणजे हाताने रंगवलेल्या चित्रांचं पुस्तक, नेटवर बघ, त्यात सैनिक काय नि मजूर काय, निळे लाल हिरवे नुसते. वोडच्या पानांचा निळा, मॅडरच्या मुळांचा लाल, वेल्डचा पिवळा, फिक्या छटा साध्या माणसालाही परवडायच्या, गडद रंग महाग. आणि लग्न झालेली बाई चारचौघांत डोकं झाकूनच असायची. पुरुषसुद्धा हनुवटीखाली बांधायची पांढरी लिननची टोपी घालायचे, थेट बाळाची कुंची, आता ती हिरोला कोण घालणार 😄

जुनं_कापड: चित्रांवर एवढा भरवसा नको, ती पुस्तकं बड्या लोकांसाठी काढलेली, चित्रकार भारी रंग वापरणारच. खरे कपडे बघायचे तर ग्रीनलंडमधलं हर्योल्फ्सनेस, मध्ययुगात युरोपातून गेलेल्या लोकांची वस्ती, तिथल्या कब्रस्तानात १९२१ साली खोदकाम झालं आणि गोठलेल्या जमिनीमुळे लोकरीचे अंगरखे, टोपडी टिकलेली सापडली, कोपनहेगनच्या नॅशनल म्युझियममध्ये आहेत. आज तपकिरीच दिसतात म्हणा, पण शतकानुशतकं मातीत राहिल्यावर मूळ रंग कुठून दिसणार. शिवण बघण्यासारखी आहे, बाजूंना कळ्या घालून खाली छान घेर आणलाय. पिक्चरमध्ये मात्र बघावं तेव्हा पाठीवर नाड्या आवळलेल्या, खऱ्या नाड्या जास्त करून पुढून नाहीतर बगलेखालून असायच्या.

उगाच_एक: अरे पिक्चर बघताय की म्युझियम? शिरस्त्राण घातलं तर हिरोचा चेहरा कसा दिसणार, आणि कड्यांचं खरं चिलखत दहा-बारा किलोचं, ते घालून दिवसभर शूटिंग करा मग कळेल. १९७५ च्या माँटी पायथनवाल्या पिक्चरमध्ये तर विणलेल्या कपड्याला चंदेरी रंग दिला होता, काय बिघडलं?

पडदा_प्रेमी: ती कॉमेडी होती रे. स्कॉटलंडवरच्या ब्रेव्हहार्ट पिक्चरचं काय? गोष्ट १२९७ च्या लढाईची आणि सगळे किल्टसारखं, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्यासारखं, काहीतरी गुंडाळून, तो प्रकार सोळाव्या शतकाच्या शेवटीशेवटी आला.

सुईदोरा: चिलखत जड म्हणून नको, मान्य. मग थरावर थर टाचलेली जाड बंडी तरी घाला की, गरीब सैनिक नुसती तीच घालून लढायचे. शिवायला स्वस्त, वजनाला हलकी आणि चेहराही उघडाच. त्याऐवजी काळं चामडं कशाला?