डोमेन तेच ठेवून मेलसेवा बदलताना
सेवा बदलताना मधल्या काळातील मेल हरवतील का, ही आपली शंका रास्त आहे. परंतु पत्ता डोमेनशी, म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या नावाशी, बांधलेला असतो, सेवेशी नव्हे, आणि मेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायचा हे डीएनएसमधील (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या इंटरनेटवरील यंत्रणेतील) एमएक्स नावाची नोंद ठरवते. नागपुरात इतवारीतील आमच्या दुकानाचे मेल हलवताना मी दोन दिवस आधीच त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ साठवून ठेवतात तो काळ, ३६०० वरून ३०० सेकंदांवर आणला, नव्या सेवेत सर्व खाती उघडली आणि मगच एमएक्स बदलला. जुने खाते लगेच बंद करू नये, कारण काही सर्व्हर काही काळ जुन्याच नोंदीनुसार मेल पाठवत राहतात. शिवाय जुन्या मेलचा साठा आयमॅपने (सर्व्हरवरील मेल वाचण्याच्या पद्धतीने) फोल्डरांसह उतरवून घ्यायचा असतो.

माझी खरी चूक एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणत्या सेवा मेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत, झाली. जुनी नोंद तशीच ठेवून मी दुसरी जोडली. एका डोमेनला अशी एकच नोंद चालते, त्यामुळे पडताळणी फसली आणि ऐन दिवाळीच्या हंगामात आमची बिले ग्राहकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागली. दोन्ही सेवा एकाच नोंदीत लिहिल्यावर प्रश्न सुटला. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरील डिजिटल सही पडताळण्याची, नोंद नव्या सेवेकडून वेगळी घ्यावी लागते. आणि हो, डोमेन जिथे नोंदवले आहे तिथे दिलेला संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर त्या डोमेनचा मेल बंद पडल्यास तिथले संदेशही मिळणार नाहीत.